डावीकडची ट्यूब

दादांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी कोपरगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि आमच्याकडे ट्रंक कॉल अजून हातानं जोडावे लागत. समोरच्या बोर्डावर बारीक दिवा लागला की कॉर्ड खोचायची, बोलणं संपल्याचा दिवा लागला की काढायची. आठ तास ते दिवे बघून घरी आलं की डोळ्यांना अंधार हवा असायचा. घरी मात्र दादांना दवाखान्यातून आणल्यापासून कामांना अंत नव्हता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा एसटीत कंडक्टर, लांबच्या गाडीवर असला की दोन-दोन दिवस बाहेर. मी ड्युटीवर असताना शेजारच्या मावशी दादांकडे बघून जायच्या, बाकी सगळं माझ्याकडे.

दादा साखर कारखान्यात वायरमन होते. तीस वर्षं केलेली नोकरी. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची सगळी वायरिंग त्यांनीच रविवारी रविवारी जाऊन करून दिली होती. त्यांच्या नजरेचं लोकांना कौतुक होतं. पट्टी न लावता ते भिंतीवर खूण करायचे आणि बटणांची पाटी तिथे सरळ बसायची.

झटक्यानं त्यांचा डावा हात आणि पाय गेला. बोलणं शाबूत राहिलं. पण आणखी एक गोष्ट झाली होती, ती आम्हाला आठवडाभरानं कळली. ताटातली भाकरी ते अर्धीच खायचे आणि म्हणायचे, भाजी वाढायची राहिली. भाजी ताटात डावीकडे असायची. दाढी एकाच गालाची करायचे. डावीकडे उभं राहून हाक मारली की उजवीकडच्या भिंतीकडे बघून ओ द्यायचे. नाशिकच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की त्यांचे डोळे चांगले आहेत, पण मेंदूनं डावी बाजू सोडून दिली आहे. त्यांना आपल्याला काही दिसत नाही असं वाटतच नाही. त्यांच्या दृष्टीनं डावीकडे काही नसतंच. तिथे काहीतरी हलणारं, उजेडाचं ठेवा, म्हणाले, म्हणजे मान वळवायची सवय लागेल.

मी घरी येऊन विचार करत राहिले, हलणारं आणि उजेडाचं म्हणजे काय ठेवायचं? टीव्ही घेऊन झाला होता. तो डावीकडे ठेवला तर दादा नुसते ऐकायचे.

त्याच महिन्यात आमच्या सुपरवायझर बाईंची बदली झाली. त्यांच्याकडे माशांची काचपेटी होती, दोन फुटी, वर पत्र्याचं झाकण, आत बल्बचा एक होल्डर. सामानाच्या टेम्पोत ती फुटेल म्हणून त्या कुणाला तरी देणार होत्या. मी मागितली. सहा मासे, थोडी वाळू, रिबिनीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती आणि हवेचा छोटा पंप असं सगळं रिक्षातून मांडीवर घेऊन आले. अर्धं पाणी साडीवर सांडलं. दादांच्या खाटेच्या डाव्या अंगाला टेबल ओढून त्यावर पेटी ठेवली.

बल्ब लावल्यावर त्यांना खांद्याला धरून वळवलं आणि विचारलं, किती मासे आहेत?

ते बराच वेळ बघत होते. "तीन," म्हणाले.

मासे उजव्या अर्ध्यात यायचे तेव्हाच ते मोजायचे. मला भाकरी टाकायच्या होत्या.

बल्ब फार दिवस चालला नाही. उन्हाळा लागला होता. त्या बल्बनं पाणी कोमट व्हायला लागलं आणि मासे वर येऊन तोंडं उघडी टाकायला लागले. दादांनीच सांगितलं की बल्ब उजेडापेक्षा ऊब जास्त देतो, ट्यूब आण. झटक्यानंतर त्यांनी आपणहून काही सुचवलं ते हे पहिलंच. मी दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. दोन फुटी पांढरी ट्यूब, चोक आणि स्टार्टर घेऊन आले. वस्तीतल्या एका वायरमननं ती बसवून दिली आणि दादा खाटेवरून त्याला सूचना देत राहिले.

ट्यूब लागली आणि खोली एकदम पांढरीफटक झाली. लाल मासे फिके दिसायला लागले, हिरवी पानं राखाडी. चोक सारखा गुणगुणायचा. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरायचं आणि ट्यूब मिचमिचत राहायची, धड लागायची नाही, धड विझायची नाही. दादांनी उजवीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच.

"दवाखान्यातल्यावानी दिसतंय," म्हणाले. "बंद कर."

मलाही ती सोसत नव्हती. दिवसभराच्या दिव्यांनंतर त्या मिचमिचीकडे पाहिलं की डोकं दुखायचं. पण ट्यूब बंद केली की पेटी म्हणजे नुसता काळा चौकोन. पानं पिवळी पडून सुटायला लागली, काचेला शेवाळ धरलं. सुट्टीच्या दिवशी मी बादल्या भरभरून पाणी बदलायची. त्या वेळी दादा एक गोष्ट न चुकता सांगायचे, पाण्यात हात घालायच्या आधी पिन काढ. दर वेळी तेच. मीही दर वेळी व्हय दादा म्हणायची. त्या दिवसांत मला पेटीचा, माशांचा आणि खरं सांगायचं तर दादांचाही कंटाळा आला होता. नवरा घरी आला की म्हणायचा, नको एवढा जीव काढूस, देऊन टाक कुणाला तरी. देऊन टाकायलाही कुणाला तरी शोधावं लागणार होतं.

जून-जुलैत दादांना दाखवायला नाशिकला न्यायचं होतं, पण त्यांना एसटीत बसवणं जमेना. शेवटी मी एकटीच रिपोर्ट घेऊन गेले. डॉक्टरांकडचं काम लवकर आटोपलं. परतीच्या गाडीला वेळ होता. मेन रोडच्या मागच्या गल्लीत माशांचं दुकान आहे असं ऐकलं होतं, तिथे गेले.

दुकान अरुंद आणि ओलसर होतं. दोन्ही भिंतींना काचपेट्या आणि प्रत्येकीवर वेगळी ट्यूब. एक गुलाबी होती. तिच्याखाली मासे मिठाईसारखे दिसत होते. एक निळसर, एक आमच्यासारखी पांढरी. शेवटच्या पेटीवर एक फुटाची छोटी ट्यूब होती, किंचित पिवळट, सकाळचं ऊन परसात येतं तशी. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि किती वेळ गेला कळलं नाही. काही करायचं नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. उभ्या उभ्या माझे डोळे मिटायला लागले.

दुकानदार म्हातारे होते. त्यांनी स्टूल दिलं आणि कुणासाठी हवंय ते विचारलं. मी सगळं सांगितलं. दादांचं, डाव्या बाजूचं, बल्बचं, ट्यूबचं. इतकं सलग मी कुणाशी बोलले नव्हते. गुलाबी ट्यूब लोक जास्त नेतात, ते म्हणाले. झाडांना उजेड लागतो, पण ती थोड्यावरही तग धरतात. माशांना कुठलाही चालतो.

"ज्याला रोज बघायचंय त्याच्या डोळ्यांना सोसेल तो न्या," म्हणाले.

मी माझ्या डोळ्यांना सोसेल तो घेतला. दादांचा विचार मी त्या क्षणी केला नाही, हे खरं आहे. एक फुटी पिवळट ट्यूब वर्तमानपत्रात, मग टॉवेलात गुंडाळून सिन्नरमार्गे कोपरगावपर्यंत मांडीवर धरून आणली. गाडीत झोप येत होती, पण हात सैल पडला तर ट्यूब जाईल म्हणून झोपले नाही.

वस्तीतला वायरमन गावाला गेला होता. दादा म्हणाले, तूच बसव, मी सांगतो. पेटीचं झाकण काढून त्यांच्या मांडीजवळ खाटेवर ठेवलं. त्यांनी कुठली वायर कुठे, स्क्रू किती आवळायचा, चोक पाण्यापासून किती लांब ठेवायचा, सगळं नीट सांगितलं. त्यांचा आवाज जुन्यासारखा झाला होता. मग ट्यूब धरून ठेवणाऱ्या पट्ट्या ठोकायची वेळ आली. ट्यूब झाकणाच्या निम्म्याच लांबीची, म्हणून ती मधोमध यायला हवी. मी टेप आणायला उठले तर म्हणाले, टेप कशाला, आन इकडं. उजव्या हातात खडू घेतला, झाकणाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि रेघ मारली.

"हे मधोमध," म्हणाले. "ठोक."

रेघ मधोमध नव्हती. झाकणाच्या उजव्या टोकापासून जेमतेम सहा इंचांवर होती. डावीकडचं झाकण त्यांच्यासाठी नव्हतंच, म्हणून जेवढं दिसलं त्याचा मध्य त्यांनी काढला होता. मी खडूच्या रेघेकडे बघत बसले. विहारातल्या बटणांच्या पाट्या आठवल्या. मी हो म्हणाले, झाकण उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन ट्यूब अगदी डाव्या टोकाला ठोकली. का तसं केलं ते तेव्हा नीट ठरवलेलं नव्हतं. डॉक्टर उजेड डावीकडे ठेवा म्हणाले होते, तर असू दे तो डावीकडेच, एवढंच डोक्यात होतं. झाकण पेटीवर ठेवलं आणि बटण दाबलं.

पेटीचा डावा अर्धा भाग उजळला. हिरवी पानं हिरवी दिसली. उजवा भाग अंधारातच राहिला.

"लागली न्हाई," दादा म्हणाले. "स्टार्टर फिरवून बग."

"लागलीय दादा. इकडं बघा."

"कुटं लागली? समोर तर अंधार हाय."

मी त्यांना हात लावला नाही. फक्त म्हणाले, आणखी डावीकडं. त्यांची मान थोडी वळली, थांबली. मग आणखी थोडी. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. आणि मग उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला, दाढी राहिलेल्या गालावर. ते बघत राहिले. त्यांनी मासे मोजले नाहीत. ते ट्यूबकडे बघत होते.

"तू मधोमध न्हाई बसवली."

मी खरं सांगितलं. त्यांची रेघ कुठे होती तेही सांगितलं. ते मानेनंच नाही म्हणाले. चुकून असं होणार नाही, आपला हात असा चुकत नाही, म्हणाले. वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. मी पिन काढली, झाकण पुन्हा त्यांच्या मांडीजवळ आणून ठेवलं आणि हातानं मोजा म्हणाले.

त्यांनी उजव्या टोकाला अंगठा टेकवला आणि वीत टाकली. एक. खडूची रेघ तिथल्या तिथे, पहिल्या वितीच्या आतच आली. मग दुसरी वीत, तिसरी. वीत सरकत गेली तशी त्यांची मानही हाताच्या मागे डावीकडे सरकत गेली. शेवटचं टोक लागलं तेव्हा त्यांनी त्या टोकाच्या पत्र्यावरून बोट फिरवलं, परत फिरवलं. मग हात काढून घेतला.

"म्हंजी एवढं सगळं मला दिसतच न्हाई," म्हणाले.

दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. जेवले थोडं. मला वाटलं, मी हे काय करून ठेवलं. डॉक्टरांनी इतक्या वेळा सांगितलेलं त्यांनी कधी मानलं नव्हतं, आम्हालाच कळत नाही असं ते धरून चालले होते. आता ते स्वतःच्या हातानं मोजलं होतं. मी ड्युटीवर दोन कॉल चुकीचे जोडले आणि बोलणी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी ताट वाढलं तर त्यांनी जेवायच्या आधी ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं, पूर्ण गोल. भाजी लागली. तिथे मान वळवली आणि जेवले. त्यानंतर ते सगळंच हातानं मोजायला लागले. खाटेची कड, उशी, स्वतःचा गाल. संध्याकाळी पेटीची ट्यूब लावली की स्वतःलाच "डावीकडं" असं हळू आवाजात बजावायचे आणि वळायचे. सगळे मासे मोजायला पाऊस सरत आला. तोवर लाईट गेल्यावर पंप बंद पडून त्यातले दोन मेले होते.

त्यांचा हात परत आला नाही. पाय पुढच्या वर्षी थोडा आला, काठी घेऊन दारापर्यंत जाण्याइतका. बाहेर बसायला लागल्यावर पेटीकडचं लक्ष उडालं. ट्यूबखालची पानं दाट वाढली होती, अंधारातली कुजून तळाला बसली होती आणि ते सगळं काढायचं काम माझ्याकडेच होतं. एक दिवस मी बादली घेऊन वाकले होते तर दादा दारातून म्हणाले, पोरी, तुला माशांची लई हौस दिसतीया. मी म्हटलं, मला कसली हौस, तुमच्यासाठी ठेवलीय.

"मला वाटलं तुला आवडत्यात," म्हणाले. "म्हनून तर मी रोज बगत हुतो."

पेटी आम्ही जवळच्या शाळेला दिली. नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी हातगाडीवर नेली. टेबल जागेवर सरकवून मी जमीन पुसली आणि जरा पाठ टेकावी म्हणून दुपारी आडवी झाले ती उठले तेव्हा दिवस मावळला होता. इतकी झोप त्या दोन वर्षांत मला लागली नव्हती. बाहेर मावशींचा आवाज येत होता. त्या पीठ मागायला आल्या होत्या आणि दादा दारातच खुर्ची आडवी टाकून बसले होते. आत झोपलीया, ते त्यांना हळू आवाजात सांगत होते, उद्या या.