गुरुवारचं काय?

मीटिंगमध्ये सगळ्यांचं बोलून झालं की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "ते सगळं ठीक आहे. पण गुरुवारचं काय?" गुरुवार त्या खेपेपुरता, 'पण' मात्र नेहमीचं.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. चर्चा संपत आली, लोकांनी लॅपटॉप मिटायला घेतले, कुणाचा एक पाय दाराकडे वळला, की नेमकं तेव्हाच तोंड उघडणारं. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. मी वयानं मोठा, हुद्द्यानं वरचा, तरी मीही ताईच म्हणायचो. त्या मला सर म्हणायच्या. पण त्या सरमध्ये थोरल्या बहिणीचा दरारा असायचा.

तळवड्याच्या आयटी पार्कात आमचं ऑफिस आहे. आम्ही काय बनवतो हे सांगायला लागलो की नातेवाईक विषय बदलतात. ताई एकदा माझ्या घरी सत्यनारायणाला आल्या होत्या, तेव्हा माझ्या आईनं त्यांना तेच विचारलं. ताई म्हणाल्या, "आजी, पूर्वी कारखान्यात प्रत्येक कामाला वेगळी वायर ओढायचे. आता वायर एकच. तिच्यात आम्ही कॉम्प्युटरवर लिहून वेगवेगळे रस्ते पाडतो. कुणी कुठल्या रस्त्यानं जायचं, कुणी जायचं नाही, ते सगळं लिहून ठरतं. रस्ता दिसत नाही, पण असतो."

आई म्हणाली, "म्हणजे कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीसारखं."

"तसंच धरा," ताई म्हणाल्या, आणि प्रसादाची वाटी पुढं केली. मी वीस वर्षं आईला जे सांगू शकलो नव्हतो ते झालं होतं. मला त्याचंही थोडं वाईट वाटलं. मला वाईट वाटायला फार मोठं कारण लागत नाही, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

ताईंचं काम असं की, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली की तिच्यात नवीन काय आहे, हे ग्राहकाला कळेल असं लिहायचं. लिहायच्या इंग्रजीत, पण त्याआधीचं भांडण मराठीत व्हायचं. इंजिनिअर येऊन सांगायचा, आता हे काम जास्त सुलभ झालंय. ताई विचारायच्या, "सुलभ म्हणजे कुणाला? तुला का त्याला?" कुणी म्हणालं, आता नेटवर्क कधीच बंद पडणार नाही, तर त्या खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसायच्या. "दाखव मला. पाडून दाखव, मग उठवून दाखव." स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांनी एक ओळ लिहिली नाही. त्यामुळे पोरं त्यांना घाबरायची, आणि घरून शेंगदाण्याची चटणी आली की पहिला डबा त्यांच्याचसमोर उघडायची.

आता त्या गुरुवारची गोष्ट.

त्या वेळच्या आवृत्तीत एक फीचर होतं, ज्याच्यावर आमची सगळी भिस्त होती. नेटवर्कची दुरुस्ती, नवे बदल, रस्त्यांची हलवाहलव, हे सगळं सॉफ्टवेअर आपलं आपण करणार. शांत वेळ बघून करणार, आणि कुणालाही न विचारता करणार. विक्रीवाल्यांनी 'न विचारता' हे शब्द मोठ्या अक्षरात घेतले होते. फीचर बनवलं होतं निखिलनं. हुशार मुलगा, तिशीतला, बोलताना हात फार हलवायचा. त्यानं डेमो दिला. शांत वेळ म्हणून सॉफ्टवेअरनं रविवार धरला होता.

ताईंचा चष्मा वर गेला. "गुरुवारचं काय?"

निखिल म्हणाला, "ताई, गुरुवारी उपवास असतो." सगळे हसले. मीही हसलो.

ताईही हसल्या आणि म्हणाल्या, "तुझा असेल. चाकणला रविवारी फुल शिफ्ट असते. कारखाने बंद असतात गुरुवारी."

पिंपरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे इथल्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. मी चिंचवडला इतकी वर्षं राहतो. गुरुवारी ऑफिसला लवकर पोचतो, रस्ता मोकळा असतो, एवढंच मला माहीत होतं. तो मोकळा का असतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

निखिलनं ते मनावर घेतलं. आता वार आम्ही सांगायचाच नाही, असं ठरलं. सॉफ्टवेअर काही आठवडे कारखान्याच्या नेटवर्कवरची ये-जा बघेल आणि शांत वार स्वतःच शोधेल. चाचणीसाठी चाकणचा गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना तयार झाला. सॉफ्टवेअरनं बरोबर गुरुवार शोधला, गुरुवारी हलवाहलव केली, आणि शुक्रवारी सकाळी अहवाल आला: यशस्वी, कोणताही अडथळा नाही. मी तो पुढं पाठवला. पुढच्या मीटिंगला पेढे होते.

पेढे खाऊन झाल्यावर ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "पण गुरुवारी..."

"ताई," निखिलनं हात जोडले, "आता गुरुवारच धरलाय की. अजून काय करू?"

सगळे पुन्हा हसले. ताई या वेळी हसल्या नाहीत. पुढं काही बोलल्याही नाहीत. मला ते खटकलं, कारण अर्धवट सोडलेलं वाक्य हे त्यांचं नव्हतंच.

दुपारी डबा खाताना मी विचारलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून त्या म्हणाल्या, "सर, आमचे हे चाकणला मेंटेनन्सला आहेत. फिटर. कारखान्याला सुट्टी असते ना गुरुवारी, म्हणून तर ह्यांना सुट्टी नसते. आठवडाभर चालू असलेली मशिनं दुसऱ्या कुठल्या वारी उघडणार?"

ताई आणि त्यांचे यजमान मूळचे लातूरकडचे. थेरगावात भाड्यानं राहायचे. यजमान कंत्राटावर होते, आणि त्या वर्षी कायम होण्याची बोलणी चालू होती, एवढं मला त्यांच्याकडून तुटक तुटक कळलेलं होतं. मी विचारलं, कुठला कारखाना. त्यांनी सांगितलं. आमच्या चाचणीचाच.

"मागच्या गुरुवारी हे माल सरकवणाऱ्या पट्ट्याच्या खाली होते," ताई म्हणाल्या. "पट्टा सरकवून बघायचं चाललं होतं, म्हणून वीज चालू होती. मधेच आपल्या सॉफ्टवेअरच्या हलवाहलवीत नेटवर्क गेलं, हुकूम येईना. पट्टा थांबला. ह्यांना वाटलं, झालं आता, म्हणून आत हात घातला पाना काढायला. नेटवर्क आलं. पट्टा पुन्हा सरकला." त्यांनी टेबलावर आडवा पंजा ठेवला. "एवढा. हात काढला तेवढ्यात. घरी येऊन हसत सांगायलेत. मला काही हसू येईना."

माझ्या डोळ्यांसमोर मी पाठवलेला अहवाल आला. यशस्वी. कोणताही अडथळा नाही. मी डबा मिटला. मला वाईट वाटत होतं. तसं मी म्हटलंही.

ताईंनी चटणीचा डबा माझ्याकडं सरकवला. "सर, जेवा. तुम्हाला वाईट वाटलं म्हणून पट्टा थांबायचा नाही."

"मग तुम्ही मीटिंगमध्ये का नाही बोललात?"

"बोलले तर घरचं गाऱ्हाणं होतं. आणि ह्यांचं नाव निघालं तर तिथले साहेब म्हणतील, ह्यानं बायकोकडून तक्रार करवली. कायम व्हायच्या वेळेला कोण ऐकून घेईल ते?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि नाही बोलले तर पुढचा गुरुवार आहेच."

मी म्हणालो, मी बोलतो. तुमचं नाव येणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्याच्या आयटीप्रमुखांबरोबर कॉल होता. ते पुण्याच्या मुख्य कार्यालयात बसायचे. मी घसा खाकरून विचारलं की, गुरुवारी आत लोक कामाला असतात असं ऐकलंय. ते म्हणाले, "नाही हो साहेब. गुरुवारी आमचा प्लान्ट बंद. कॅलेंडरवर बंद, रेकॉर्डवर बंद. तुम्ही बिनधास्त करा." मी म्हणालो, तरी पण. ते म्हणाले, तरी पण काय? आणि माझं पुढचं वाक्य कुठं गेलं ते मला आजही सापडलेलं नाही.

तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूला चष्मा वर गेला.

"साहेब," ताई म्हणाल्या, "गुरुवारी प्लान्ट बंद असतो, तर माझा नवरा दर गुरुवारी डबा घेऊन कुठं जातो?"

निखिल आधी हसला आणि मग त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. मग आयटीप्रमुखांनी विचारलं, "कोण तुमचे मिस्टर? नाव काय?"

मी ताईंकडं बघितलं. त्यांचे हात मांडीवर होते, एकात एक घट्ट धरलेले. आवाज मात्र नेहमीचाच होता.

"नाव नाही सांगणार. ते काही एकटे नाहीत. तुम्ही गेटवर विचारा, गुरुवारी किती डबे आत जातात."

माणूस वाईट नव्हता. खरोखरच त्यानं गेटवर फोन लावला, आम्हाला तसंच ताटकळत ठेवून. परत आला तेव्हा सावकाश म्हणाला, "माझ्या स्क्रीनवर गुरुवार रिकामा दिसतो हो."

"आमच्या सॉफ्टवेअरलाही तसाच दिसला," ताई म्हणाल्या. "दुरुस्तीला उघडलेलं मशीन काही बोलत नाही. म्हणून शांत वाटतं."

मग त्यांनी पट्ट्याची हकिकत सांगितली, कुणाचं नाव न घेता. कॉल संपला. निखिल ताईंच्या खुर्चीपाशी जाऊन म्हणाला, "ताई, तुम्ही आधी मला सांगायचं ना." त्या म्हणाल्या, "बाबा, मी दोनदा विचारलं की."

ठरलं असं की सॉफ्टवेअर आधी विचारेल. म्हणजे ज्या दोन शब्दांवर विक्रीवाले उभे होते तेच गेले. रिलीज पुढं ढकलावं लागलं. अमेरिकेतल्या वरिष्ठांना तसं कळवणं माझ्याकडं आलं. मी ईमेलची सुरुवात माफी मागून केली होती. ताईंनी वाचायला मागितला, पहिलं वाक्य खोडलं आणि परत दिला. "आता वाचा. चांगला वाटतो की नाही?" चांगला वाटत होता.

विचारायचं कसं, यावर निखिल आणि ताईंची खरी जुंपली. निखिलनं कारखान्यातल्या स्क्रीनवर इंग्रजीत एक प्रश्न टाकला होता: पुढे जायचं का? खाली हो आणि नाही. ताई म्हणाल्या, "शिफ्ट संपत आलेला माणूस डोळे झाकून हो दाबील." त्यांनी स्वतः मराठीत लिहून दिलं: आत कुणी काम करतंय का? बघून सांगा. खाली दोन बटणं: 'बघितलं, कुणी नाही' आणि 'आहे, नंतर'.

"ताई, सॉफ्टवेअर असं नाही बोलत."

"माणसं बोलतात ना? मग त्याला शिकव."

नवीन काय आहे, या पानावर त्या फीचरखाली त्यांनी एकच ओळ लिहिली. हे सॉफ्टवेअर आता आधी विचारतं. विक्रीवाल्यांनी त्यावर बरंच डोकं आपटलं, पण ताईंना दाखवता येईल असं दुसरं वाक्य त्यांना सुचलं नाही.

इथं गोष्ट गोड करून संपवता आली असती. तसं झालं नाही. त्या वर्षी कारखान्यानं ज्यांना कायम केलं त्यांत ताईंच्या यजमानांचं नाव नव्हतं, आणि कंत्राटही पुढं वाढवलं नाही. त्या कॉलमुळं का, ते कुणी सांगत नाही. कामगार कमीच करायचे होते म्हणतात. त्यांना लातूरकडं एका साखर कारखान्यात काम मिळालं आणि ताईंनी राजीनामा दिला.

राजीनामा माझ्याच हातात दिला. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "सर, आता तुम्ही ह्याचाही दोष घ्यायलात, मला दिसायलंय. घेऊ नका. हात जाग्यावर आहेत ह्यांचे. काम काय, मिळतं."

शेवटच्या दिवशी यजमान त्यांना न्यायला मोटारसायकलवर आले. गेटपाशी ताईंनी ओळख करून दिली. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "लई नाव घेती तुमचं. ही ऑफिसात नेमकं काय करती ते मला अजून कळलं नाही, सर. कॉम्प्युटरवर लिहिती म्हणती." ताई दुसरीकडं बघत पिशवी नीट करत होत्या. त्या कॉलचं ह्यांना सांगू नका, असं त्यात होतं, ते मला समजलं. मी यजमानांच्या हातांकडं बघत राहिलो. जाड, काळपट, नखांत वंगण बसलेले, सगळी बोटं जिथल्या तिथं. मी म्हणालो, "हो, छान लिहितात."

ताईंच्या जागेवर आता दुसरं कुणी आलेलं नाही. नव्या आवृत्तीची पानं आता यंत्रच लिहून देतं, आणि बरीच गुळगुळीत लिहितं.

मध्यंतरी एका गुरुवारी कामासाठी मी त्या चाकणच्या कारखान्यात गेलो होतो. पहिल्यांदाच. शेड अर्धी अंधारी होती, पट्टे थांबलेले, आणि वरवर बघितलं तर खरंच रिकामी. मी सुपरवायझरबरोबर स्क्रीनपाशी उभा होतो. ते चाकणजवळच्याच गावचे, केस पिकलेले. स्क्रीनवर प्रश्न आला. आत कुणी काम करतंय का? बघून सांगा. त्यांनी तो वाचला, बटणाला हात लावला नाही, आणि उठले. लाईनच्या कडेकडेनं चालत गेले, जागोजागी वाकून मशिनांच्या खाली बघत, हाळी देत.

"कोण हाय का रं आत?"

बराच वेळ काही नाही. मग लांबवरच्या एका पट्ट्याखालून पाना धरलेला एक हात बाहेर आला.

"हाय, हाय. अजून अर्धा तास लागंल."

सुपरवायझर परत आले, 'आहे, नंतर' दाबलं, आणि स्टूल ओढून निवांत तंबाखू मळायला बसले.