अर्ध्या तासाचा सौदा

कोलशेतच्या त्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या बायका दुपारी जेवत नसत. जेवणाची सुट्टी नव्हती असं नाही. बायकांनीच ती सोडून दिली होती. आणि सोडायला लावली होती सगुणाने.

सगुणा खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. नवरा नाथा दुपारनंतर होडी काठाला लावायचा आणि सासू आवडाबाई संध्याकाळच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. म्हातारीचे गुडघे गेलेले, पाटी उचलायला सून हवीच. पाचला सुटून सगुणा पोचेपर्यंत गिऱ्हाईक पांगलेलं असायचं. म्हणून शहाऐंशी सालच्या सुमाराला तिने बायका गोळा केल्या आणि थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली.

"साहेब, जेवनाची सुट्टी तुमालाच ठेवा. आमाला अर्धा तास आदी सोरा."

"आणि जेवणार कधी?"

"सकाली भाकऱ्या खाऊन येतंव. कोलनीचं प्वाट हाय साहेब, त्याला भरती-ओहोटीची सवय हाय."

साहेब हसला. मशीन थांबणार नव्हतं, त्याचं काय जात होतं? चाळीतल्या बायकाही खूश झाल्या, कारण त्यांच्याकडे नळाला पाणी पाचलाच यायचं. सगुणा त्या दिवसापासून पॅकिंगची पुढारीण झाली.

मंजुळा आली ती त्यानंतर चार-पाच वर्षांनी. कळव्याच्या चाळीतली, बौद्ध घरातली, नववी शिकलेली. हाती कागद आला की वाचल्याशिवाय सोडायची नाही, मग तो भजीचा का असेना. मशीनच्या खडखडाटात दोघी ओरडून ओरडून गप्पा मारायच्या आणि सुपरवायझर देवराम कानात बोटं घालायचा.

मग मंजुळाला साखर निघाली.

"सगुणाताई, डॉक्टरनी गोळ्या दिल्यात. बोलले, गोळी घेतली की वेळेवर खायचं, नायतर चक्कर येणार."

"मंग खा की गो. पदराखाली भाकर धर नि चाव."

"खाल्ली ना काल! देवरामने बघितलं. औषधाच्या खोलीत उष्टं करते म्हणून सगळ्यांसमोर बोलला. ताई, फाटकावर कायदा लावलाय बघ. मी वाचला. पाच तासांपेक्षा जास्त सलग काम करून घ्यायचं नाय, मधे अर्धा तास विश्रांती द्यायलाच पायजे. आपण परत मागूया का?"

"लिवनाऱ्याला काय गो, त्याला कुठं मासली इकायचीय?"

मंजुळा हसली. तिला हसू लगेच यायचं. "तू बोललीस तरच मॅनेजर ऐकेल, ताई. मी एकटी बोलले तर या बायकाच मला खातील."

"बोलन ना. जरा दम धर. आथा बाजाराचे दिस हायत, होली झाली का बोलतंव."

होळी झाली. मग मासळी कमी यायला लागली, म्हणून आहे ती तरी वेळेवर विकली जावी असं सगुणाला वाटलं. मंजुळाने दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा नाही केली. चहात साखर घालून भागवते, म्हणाली.

आणि एके दिवशी चहाची किटली फिरलीच नाही. दुपारी मंजुळा काहीतरी असंबद्ध बोलायला लागली. घामाने भिजलेली. सगुणाला वाटलं, नकला करतेय. ती हसलीसुद्धा. मंजुळा मशीनवर कोसळली तेव्हा सरकत्या पट्ट्याच्या कडेवर तिचं डोकं आपटलं. रिक्षात सगुणाने तिला मांडीवर घेतलं होतं. दवाखान्यातून ती परत आली नाही.

आठवड्याभराने सरकारी इन्स्पेक्टर आला. मॅनेजरने आधीच सांगून ठेवलं होतं, "बायकांनी स्वतः मागितलंय, साहेब. विचारा." इन्स्पेक्टर बायकांपुढे उभा राहिला.

"कुणी मागितलं?"

बायका फरशीकडे बघत होत्या. सगुणाही गप्प राहिली असती तरी चाललं असतं.

"मी," सगुणा म्हणाली. "मंजुलानं नाय. तिला नको व्हता ह्यो सौदा."

"बाई, सुट्टी तुमचीच आहे. पण ती सोडून द्यायचा हक्क तुम्हाला नाही, आणि ती काढून घ्यायचा तर या मॅनेजरना अजिबात नाही. म्हणून तर कायदा आहे."

"माहीत व्हतं, साहेब," सगुणा म्हणाली. "तिनं वाचून दाखवलं व्हतं."

दुसऱ्याच दिवसापासून दुपारी मशीन बंद होऊ लागलं. बायका सायकलींच्या शेडमध्ये डबे घेऊन बसल्या, तोंडं वाकडी करून. पाचला सुटायचं म्हणजे पाणी गेलं. चाळीतली हेमा तर मोठ्यानेच म्हणाली, "मंजुळा गेली ती गेली, जाताना आमचे नळ बंद करून गेली."

चार दिवसांनी तीच सगुणाजवळ सरकून आली.

"सगुणाबाई, इन्स्पेक्टर काय रोज येतोय? तू बोल ना मॅनेजरशी. भोंगा वाजू दे नुसता, मशीन आपण चालू ठेवू नि आधीसारखं लवकर सुटू. तुझीपण सासू एकटी बसते ना बाजारात?"

बसायची. काल अख्खी पाटी तशीच परत आली होती. पाटी उचलायला कुणी नव्हतं म्हणून म्हातारी अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून राहिली होती. सगुणाने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्याजणी आता तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"बस," सगुणा म्हणाली.

"अगं, पण—"

"खाली बस, हेमे. डबा उघड नि जेव."

हेमा फणकारून पलीकडे गेली. तिच्यामागून बाकीच्याही सरकल्या. सगुणाच्या आजूबाजूला कुणी उरलं नाही. तिने भाकरी मोडली. एकेक घास चावून खाल्ला. भोंगा होईपर्यंत ती जागची हलली नाही.