तारप्याने गिळलेली कडवी

मी वाचायला शिकलो ते आमच्या आदिवासी संघटनेच्या पत्रकांवर. 'कमळ'च्या आधी मला 'जाहीर' वाचता यायचं. कॉलेजात पोचेपर्यंत साधी चौकशीसुद्धा मागणीसारखी करायची सवय लागली होती. ठाण्याच्या एका वर्गमित्राने त्याच्या फोक-रॉक बँडच्या पहिल्या अल्बमसाठी गाणं मागितलं, तेव्हा मी पाच कडवी दिली: आमच्या पाड्याचा रस्ता, रेशन, रोजगार हमी, दवाखाना आणि शेवटी इशारा.

मित्र गिटार वाजवायचा आणि गायचाही. तो म्हणाला, दवाखान्याच्या कडव्यातलं 'रिक्त पदे' गाताना श्वास अडकतो. मी म्हटलं, पेशंटचाही अडकतो.

बँडला खरं तर तारपा हवा होता, आमच्या मोखाड्याकडचं भोपळ्याचं आणि बांबूच्या नळ्यांचं फुंकवाद्य. मी अट घातली. आमच्या पाड्यावरचे तारपा वाजवणारे काका मी आणतो, पण एकही कडवं गळणार नाही. मित्राने शब्द दिला.

स्टुडिओ मे महिन्यात मिळत होता. काका म्हणाले, नवा भात आल्याशिवाय तारप्याला हात लावायचा नसतो. मी त्यांना अंधश्रद्धेवर बरंच ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि भात आल्यावर ये म्हणून सांगितलं. ठाण्याचा अल्बम मोखाड्याच्या भातासाठी थांबला. तत्त्व म्हणून मला हे फार आवडलं.

भात आल्यावर आम्ही गेलो. काकांना काचेमागच्या खोलीत एकट्याला बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवला. त्यात तालासाठी टकटक चालू होती. काकांनी विचारलं, "हा कोण ठोकतो?"

"मशीन आहे, काका."

"नाचतं का?"

नाही म्हटल्यावर त्यांनी हेडफोन काढून ठेवला. समोर पाय नसतील तर मी कोणाला वाजवू, असं त्यांचं म्हणणं होतं. तारपा पायांकडे बघून वाजतो आणि पाय थकले की थांबतो.

मग अख्ख्या बँडने बूट काढले. रेकॉर्डिंग करणारा कुरकुरला की पायांचा आवाज टेपवर येईल. काका म्हणाले, येऊ दे. एकमेकांच्या कमरेला हात घालून आम्ही त्यांच्याभोवती फिरू लागलो. सगळ्यात वाईट पाय ड्रम वाजवणाऱ्याचे पडत होते. नाच मलाच येत होता, म्हणून पुढे मी. ठरलं होतं असं की दोन फेऱ्यांनंतर मी थांबायचं, म्हणजे तारपा थांबेल आणि मित्र कडवी गाईल.

पण आमच्या पाड्यावर जो आधी थांबतो, त्याला पुढच्या भातापर्यंत टोमणे खावे लागतात. दोन फेऱ्या झाल्या. काकांनी भुवया उंचावून माझ्या पायांकडे पाहिलं. मी थांबलो नाही. काकाही थांबले नाहीत. शेवटी रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडून हात हलवू लागला. टेप संपली होती.

सगळ्यांनी मिळून ती ऐकली. मित्र म्हणाला, यातलं काही कापवत नाही, आणि कडव्यांना जागा उरली नाही. मी त्याला त्याच्या शब्दाची आठवण करून दिली. मग लोकांचा आवाज दाबण्याच्या कारस्थानावर बोललो, बराच वेळ बोललो. त्याने तारपा पुसत बसलेल्या काकांकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "मग हा आवाज कोणाचा आहे?"

हे वाक्य माझ्याच एका पत्रकातलं होतं. त्याला उत्तर लिहायचं राहून गेलं होतं.

कॅसेट निघाली. मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी मी ती चहाच्या टपरीवर लावली. काका बशीतला चहा फुंकत ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "तुझं गाणं कुठं?"

"नाही घेतलं."

त्यांनी मान कलती करून थोडा वेळ ऐकलं. "हा पाय तुझा," ते म्हणाले. "डावा उशिरा पडतो."

मी चहावाल्याला आवाज वाढवायला सांगितलं. तो म्हणाला, सांगतोयस की मागणी करतोयस?