मोडक्या खुर्च्यांची मंडळी

वेतमावशीला कुठेही नेऊन बसवा, तिची नजर आधी खुर्चीवर जाते, मग खुर्चीत बसलेल्या माणसावर. लग्नाहून आली आणि कुणी विचारलं, "नवरी कशी होती गं?" तर म्हणणार, "नवरी बरी होती, पण नवरदेवाच्या खुर्चीची डावी बाजू खचली होती. पुढे त्रास देईल." हे खुर्चीबद्दल की नवऱ्याबद्दल, ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

खुर्च्यांच्या वेताच्या बैठका विणणं हा तिचा वडिलोपार्जित धंदा. दुकान एवढंसं. छताला वेताच्या जुड्या टांगलेल्या आणि दाराशी वेत भिजवायचा लाकडी टब, तोही वडिलांच्या हातचा. पट्ट्या ओढून ओढून मावशीचा उजवा अंगठा चमच्यासारखा चपटा झालेला. पायरीवर नवरा. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाला, पण हात अजून स्टिअरिंगवरच. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना "येऊ द्या, येऊ द्या, बास!" करत दिवस काढायचा. रविवारी मावशी ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला जायची आणि हा झोपायचा. "तुझा देव जागा आहे ना? मग मी कशाला उठू?" असा त्याचा सवाल.

उपासनेचा हॉल दोन गल्ल्या पलीकडे होता. त्यात सव्वीस खुर्च्या, सगळ्या मावशीने विणलेल्या. एके सकाळी हॉलच्या दाराला सील लागलं. परवानगीशिवाय उपासना नाही, म्हणे. आणि परवानगीचा अर्ज मागायला गेलं तर तो छापलेलाच नाही! उपासना चालवणाऱ्या पाळकांना दोन दिवस कोठडीत बसवून ठेवलं. सोडताना बजावलं, "घरातली सोडून पाच माणसं एकत्र दिसली तर गाठ आमच्याशी आहे." मेहेरबानी एवढीच केली, की सील काढून संध्याकाळपर्यंत सामान हलवायला दिलं. मग सव्वीस घरांनी एकेक खुर्ची डोक्यावर घेतली आणि हॉल रस्त्याने चालत घरोघर गेला.

पुढच्या आठवड्यात पाळक एक पत्र घेऊन दुकानात आले. दूरच्या कुठल्या देशातल्या मंडळीचं पत्र. तिथला हॉल बंद होऊन एकोणीस वर्षं झाली होती. माशांची रिकामी खोकी उलटी टाकून त्यांवर बसून ते लोक उपासना करत होते. दाराला कुलूप लागलं तेव्हा चाळीस जण होते, आता अकरा घरांत मावत नाहीत, असं लिहिलं होतं. वाचताना पाळकांचा आवाज भरून आला.

"एकोणीस वर्षं खोक्यांवर?" मावशी म्हणाली. "कंबरांचं काय झालं असेल हो त्यांच्या!"

"मावशी, मुद्दा कंबरेचा नाही."

"कळतोय मुद्दा. त्यांनी खोक्यांवर निभावलं. आपल्याकडे तर खुर्च्या आहेत."

पहिली खुर्ची मात्र खरोखरच मोडली. निवृत्त शाळाबाई जळमटं काढायला तिच्यावर चढल्या आणि गुडघ्यापर्यंत बैठकीत उतरल्या. मावशी वेताची जुडी घेऊन त्यांच्याकडे गेली आणि व्हरांड्यात विणायला बसली. हे काम अख्खा दिवस खातं. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग तिरप्या, आणि मधून मधून ओलं फडकं. हात चालू, तोंड मोकळं. पाळक सहज डोकावले. शेजारीण आपली फाटकी खुर्ची घेऊन आली, तिच्यामागून आणखी दोघं. तिरप्या पट्ट्या संपेपर्यंत हलक्या आवाजात दोन गीतं आणि एक प्रार्थना झाली होती. तेवढ्यात गस्तीचा पोलीस फाटकाशी थांबला. त्याला काय दिसलं? एक कारागीर बाई आणि मोडक्या खुर्च्या धरून नंबर लावलेली गिऱ्हाइकं. कायद्यात मोडक्या खुर्च्यांबद्दल चकार शब्द नव्हता. तो निघून गेला.

झालं! गावातल्या खुर्च्यांना जशी साथच आली. आज या गल्लीत एक मोडते, परवा त्या गल्लीत. ज्याच्या हातात मोडकी खुर्ची त्याला उपासनेत जागा, असा रिवाजच पडला. ज्यांनी कधी हॉलचं तोंड पाहिलं नव्हतं ते शेजारीसुद्धा दाराआडून गीतं ऐकून घरची धडधाकट खुर्ची लाथेने मोडून आणू लागले. वेताचा व्यापारी चक्रावला. "मावशी, पूर्वी जुडी सहा महिने पुरायची. गावाचं वजन वाढलंय का?"

"वाढलंय," मावशी म्हणाली, "आणि अजून वाढेल."

अति तिथे माती म्हणतात, ती कालवली न्हाव्याने. हा नवा विश्वासी. बाप्तिस्मा होऊन महिना झालेला, उत्साह असा की गळ्याशी वस्तरा असलेल्या गिऱ्हाइकालाही आपल्या विश्वासाची साक्ष द्यायचा, आणि ते बिचारं मान हलवणार कशी? त्याने स्वतःची खुर्ची कापली. शिवाय, "तुम्हाला कशाला त्रास!" म्हणत शेजारच्या दोन घरांतल्याही कापून दिल्या. वस्तऱ्याने! सरळ, स्वच्छ, कल्ले राखल्यासारख्या. वेत कधी असा तुटतो का? तो झिजतो, त्याला कुसळं निघतात, मग एकेक पट्टी दगा देते. नेमक्या त्या तीन खुर्च्या हातगाडीवरून जाताना परवाना अधिकाऱ्याच्या नजरेला पडल्या. त्याने जप्त केल्या आणि मावशीला बोलावणं धाडलं.

जाताना नवरा म्हणाला, "हे बघ, कागद पुढे करतील. सही करून मोकळी हो. देव काय कागद वाचत बसतो?"

"तो वाचत नसेल हो, पण मला वाचता येतं ना."

कचेरीत दहापासून दोनपर्यंत बसवून ठेवलं. समोर तीन खुर्च्या, त्यांना नंबराच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. पण मावशीचा जीव अडकला होता साहेबांच्या खुर्चीत. बैठक इतकी खचलेली, की साहेबांनी खड्ड्यात एक जाडजूड फाईल भरली होती. कुणाची फिर्याद होती कोण जाणे! तिच्या बोटांना नुसती खाज सुटली होती.

"बाई," साहेब म्हणाले, "माझे वडील दोरखंड विकायचे. तुटलेलं काय आणि कापलेलं काय, मला हात लावून कळतं. या खुर्च्या मोडल्या की मोडवल्या?"

खोटं बोलायची सोय होती, पण ताकाला जाऊन भांडं लपवणं मावशीच्या स्वभावात नव्हतं.

"मोडवल्या, साहेब. मी गेले की लोक जमतात. मी विणते, ते प्रार्थना करतात. विणता विणता मीही करते."

साहेबांनी खटल्याची तयारी केली होती, कबुलीची नव्हती. ते गडबडले. "कापल्या कुणी?"

"मी वेत विणते. नावं गोळा करायचं खातं तुमचं."

एवढं बोलून ती त्यांच्या गालाकडे बघत राहिली. गाल गुळगुळीत होता. त्या गालावर सकाळी फिरलेला वस्तरा आणि या खुर्च्यांवर फिरलेला वस्तरा एकच, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. मावशीला होतं. तिने ओठ दाबून हसू गिळलं.

"हसताय? हा कागद बघा. त्या मंडळीशी माझा संबंध नाही, एवढंच लिहिलंय. सही केलीत तर दुकान तुमचं, नाहीतर संध्याकाळी सील. आमच्या आईची खुर्चीही तुम्हीच विणली होती. ती अजून नाव काढते तुमचं, म्हणून समजावून सांगतोय."

मावशीने कागद हातात घेतला, सावकाश वाचला. डोळ्यांपुढे छताच्या जुड्या आल्या, वडील बसायचे ती फळी आली.

"साहेब, दुकान बापाने दिलं. तो गेला तेव्हा हीच माणसं माझ्या दाराशी उभी होती. आणि ज्याचं नाव ती घेतात, त्याचं नाव मीही घेते. मग संबंध नाही असं कसं लिहू?" तिने कागद परत ठेवला. "आईंना नमस्कार सांगा. आणि ती फाईल काढून घ्या, पाठीचा कणा वाकडा होईल."

संध्याकाळी सील लागलं. मावशी समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघत होती. लाख टपकली तशी तिची नजर जरा खाली गेली. तेवढ्यात मागून धापा टाकत नवरा आला. डोक्यावर लाकडी टब! शिपाई यायच्या आत त्याने मागच्या दाराने काढला होता.

"सील दुकानाला आहे, टबाला नाही," तो म्हणाला. "सरक बाजूला, वळवून घेऊ दे."

आणि गंमत बघा. पूर्वी मावशी आठवड्यातले दोन दिवस घरोघर जायची, बाकीचे दिवस दुकान तिला धरून ठेवायचं. आता धरून ठेवायला काही उरलंच नाही. सहाही दिवस ती कुणा ना कुणाच्या व्हरांड्यात. न्हाव्याने रडून माफी मागितली. तिने त्याला टब वाहायच्या कामाला लावलं आणि वस्तरा घरी ठेवून ये म्हणून बजावलं.

तीन आठवड्यांनी एक शिपाई निरोप घेऊन आला. साहेबांच्या आईची खुर्ची फाटली होती, साहेब दौऱ्यावर होते, आणि आईंना दुसऱ्या कुणाचं काम चालत नव्हतं. मावशी गेली. म्हातारी ओसरीत स्टुलावर वाट बघत बसलेली. भिंतीशी शेजारणींच्या आणखी दोन खुर्च्या टेकवून ठेवलेल्या, आणि शेजारणीही हजर.

"जुनी झाली गं," म्हातारी म्हणाली. "अख्खा दिवस लागेल ना?"

मावशीने खुर्ची उलटी करून बघितली. मधोमध एक चीर, सरळ, पट्टीने आखल्यासारखी. तिने नाक जवळ नेलं. चिरेला कांद्याचा ताजा वास येत होता.

"लागेल की. दोन दिवसही लागतील," ती म्हणाली. मग टबात हात घालून वेताची लांब पट्टी तिने बाहेर काढली, फडक्याने पुसली आणि म्हातारीच्या कानाशी वाकली. "फक्त एक सांगू, आई? पुढच्या वेळी सुरी नको. आधी पायाने दाबायचं, मग धपकन बसायचं. कापलेलं तुमच्या मुलाला ओळखता येतं."

"त्याला?" म्हातारीने स्टूल पुढे ओढलं. "त्याला घरातलं काही दिसत नाही. तू सुरू कर."