धाकूकाकांचा फुकटचा टीव्ही आणि न उचलायचा फोन

पूर्वजांनी ऊस तोडायला जहाजाने गाठलेल्या ह्या बेटावर, आमच्या सुरिनाम गावात समुद्रावरून खारं वारं येतं आणि लोखंडाच्या प्रत्येक वस्तूवर गंज चढतो. धाकूकाकांच्या किश्शांचंही तसंच आहे. मुद्दाम कोणी काही करत नाही, पण दर लग्नाला, दर गणपतीला त्यांच्यावर एकेक थर चढतोच. मी सांगतो त्यातलं बारा आणे खरं. उरलेले चार आणे माझे, आणि ते कुठले हे मला विचारू नका!

धाकूकाका माझे सख्खे चुलते. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मागे भाजीचा मळा. मी तेव्हा साखर कारखान्याच्या ऑफिसात नवा नवा कारकून होतो आणि माझी प्रत्येक संध्याकाळ काकांकडेच जायची. काका कंजूष नव्हते बरं का! जेवायला बसलात तर पोट फुटेपर्यंत वाढायचे. फक्त जे दिसत नाही त्याचे पैसे द्यायचे नाहीत, एवढाच त्यांचा नियम.

"भोपळा दिलास, पैसे घे. मासळी दिलीस, पैसे घे," ते म्हणायचे. "पण चित्र हवेतून येतं, आवाज तारेतून येतो. ह्यात तू मला दिलंस काय?"

काकीची चिंता निराळी. सुलोचना त्यांची एकुलती एक. विशी ओलांडलेली, गावच्या मुलींना शिवण शिकवायची, हसायला लागली की थांबायची नाही. "तुमच्या ह्या काटकसरीपायी माझी पोर घरात राहील!" हे वाक्य काकी औषधासारखं दिवसातून तीनदा म्हणायची. जेवणानंतर.

*

सत्तरचं दशक संपत आलं होतं. गावात दोन घरी रंगीत टीव्ही आला, तेव्हा काकांनी क्युरपिप शहरातून जुना ब्लॅक अँड व्हाइट आणला आणि त्याच्या काचेवर प्लास्टिकचा एक कागद चिकटवला. वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा.

"झाला रंगीत!" काका म्हणाले.

समुद्राचं चित्र आलं की खरंच बरं दिसायचं. पण बातम्या देणाऱ्या बाईचे केस निळे, नाक नारिंगी आणि गळा हिरवा. आमची आजी तिला महिनाभर राक्षसीण समजत होती. मग एकदा शेजाऱ्यांकडे तिने त्याच बाईला खऱ्या रंगात पाहिलं आणि हळहळली, "आयो! किती उतरली गो बिचारी!"

*

टीव्ही लागला की घरातले दिवे बंद, हा काकांचा दुसरा नियम. "एका खोलीत दोन उजेड कशाला?"

अशातच रिव्हिएर दू रांपारहून सुलोचनाला बघायला मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि एक मावशी. म्हणजे बेटाच्या ह्या टोकाला त्या टोकाहून. दोन बसगाड्या बदलेपर्यंत त्यांना संध्याकाळ झाली. पाहुणे आले म्हणून काकांनी मानाने टीव्ही लावला. आणि टीव्ही लावला म्हणून दिवा बंद केला!

सुलोचना चहा घेऊन आली आणि रीतीप्रमाणे पाहुण्यांसमोर बसली. नेमकी टीव्हीला खेटून. कागदातून येणारा उजेड सगळा तिच्या तोंडावर. कपाळ निळं, नाक नारिंगी, हनुवटी हिरवी. मुलाची आई एकटक बघत राहिली. मावशीने चहा न पिताच खाली ठेवला.

आठवड्याने निरोप आला, "मुलगी गुणी आहे. पण आधी डॉक्टरला दाखवा."

काकीने आठ दिवस काकांशी अबोला धरला. सुलोचना मात्र पोट धरून हसत होती. "बाबा, माझं नाक तरी त्यांना आवडलं का, तेवढं विचारून घ्या!"

*

टीव्हीला सरकारी लायसन लागायचं. काकांनी अर्थातच काढलेलं नव्हतं.

दीड दिवसाचा गणपती बसला होता आणि शेजारच्या गल्लीत लायसन तपासणारा माणूस आल्याची खबर आली. टीव्ही लपवायला वेळ नव्हता. काकांनी त्याच्यावर जरीचं कापड टाकलं, पाटासकट गणपती उचलून वर ठेवला, दोन्ही बाजूंना केळीचे खांब लावले आणि आरती सुरू केली.

तपासनीस आला. चांगला सहा फूट उंच, क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचा माणूस, बगलेत रजिस्टर. देवाचं चाललेलं बघून बिचाऱ्याने बूट काढले आणि हात जोडून उभा राहिला. आम्ही एकामागून एक अशा पाच आरत्या म्हटल्या. तो हलेना. शेवटी आमच्याच आरत्या संपल्या.

सगळं शांत झालं आणि गणपतीच्या पायांखालून आवाज आला, "बोंस्वार, मेदाम, मेस्ये!"

घाईघाईत टीव्ही बंद करायचाच राहिला होता. फ्रेंच बातम्या सुरू झाल्या!

तपासनीसाने गणपतीकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. काका जराही डगमगले नाहीत. "चौदा विद्या, चौसष्ट कला," ते म्हणाले. "फ्रेंच त्यातच आली."

त्याने शांतपणे चार मोदक खाल्ले, हात पुसले आणि रजिस्टर उघडलं. "तोंतों," तो म्हणाला. तोंतों म्हणजे त्याच्या भाषेत काका. "देव असला तरी लायसन लागतं."

काकांनी पैसे दिले. पावती मात्र गणपतीच्या नावाने मागितली.

*

लायसनचा हा घाव काकांच्या फार जिव्हारी लागला. त्याच सुमाराला त्यांना कळलं की समुद्रापलीकडच्या रेयुनियों बेटाचा टीव्ही आमच्या किनाऱ्यावर दिसू शकतो. अँटेना मात्र उंच हवी. पलीकडच्या सरकारचं चित्र, मग इकडच्याने लायसन कशाचं मागायचं? काका हरखून गेले. त्यांनी छपरावर बांबू चढवला आणि त्याला मोडक्या छत्रीच्या काड्या आणि पातेल्याचं झाकण बांधलं.

काका छपरावर, सुलोचना अंगणात, काकी टीव्हीसमोर.

"दिसतंय का गो?"

"मुंग्या दिसतायत!"

"आता?"

"आता मोठ्या मुंग्या!"

तासाभराने असा शोध लागला की काकांनी स्वतः बांबू धरून, डावा हात समुद्राकडे लांब केला, तरच चित्र स्वच्छ येतं. हात खाली घेतला की मुंग्या. म्हणून दर शनिवारी आम्ही सगळे खाली बसून फ्रेंच सिनेमा बघायचो आणि काका वर हात पसरून उभे असायचे.

"काय चाललंय रे, रघू?" ते वरून विचारायचे.

सांगायचं काम माझ्याकडे होतं. एकदा पडद्यावर एक बाई दीड तास खिडकीत बसून रडत होती. हे सांगितलं असतं तर काकांनी हात खाली घेतला असता. म्हणून मी ओरडलो, "काका, घोड्यांची शर्यत! आपला काळा घोडा पुढे आहे!" शेवटी त्याला जिंकवूनही टाकला.

दुसऱ्या दिवशी चिनी वाण्याच्या दुकानात काकांची आणि पोस्टमनची जुंपली. पोस्टमनने तोच सिनेमा त्याच्या घरी बघितला होता. "कसला घोडा, तोंतों? सबंध सिनेमात घोडा नाही!"

"तू खाली बसून बघितलास," काका म्हणाले. "मी वरून बघितला!"

*

मग ऐंशीचं दशक लागलं आणि काकीने कित्येक वर्षांपूर्वी केलेल्या अर्जाला फळ येऊन घरात फोन आला. काका त्या वेळी घरी नव्हते, नाहीतर फोन बसवणाऱ्या माणसाला परत पाठवलं असतं. संध्याकाळी त्यांनी नंबर फिरवायच्या चकतीला छोटं कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. बाहेरून आलेला फोन फुकट. तेवढाच घ्यायचा.

काकीची बहीण क्युरपिपला असायची. काकीने आठ दिवस फोनकडे नुसतं बघितलं. नवव्या दिवशी तिला कोणीतरी विद्या शिकवली. रिसीव्हर ठेवायची जी खुंटी असते, ती हव्या त्या आकड्याइतकी टकटक दाबली की नंबर लागतो. चकती फिरवायलाच नको!

काका पडवीत बसलेले, आतून टक-टक-टक ऐकू येतंय. मग जरा थांबून टक-टक. त्यांना वाटलं, बायको भजनाचा ताल बसवतेय. त्यांनी अभिमानाने ही बातमी भजनीबुवांना दिली. बुवांनी काकीला आग्रहाने झांजा वाजवायला बसवलं. बोटांना एकच सवय! सबंध अभंगभर काकीने बहिणीचा टेलिफोन नंबर वाजवला. बुवा म्हणाले, असा अवघड ताल पंचक्रोशीत दुसरा नाही.

महिनाअखेर बिल आलं. काकांनी ते तीनदा वाचलं आणि कुलूप बदललं!

*

शेवटी काकांनी स्वतःच तोडगा काढला. त्या वेळी आमच्याकडे पलीकडच्याने फोन उचलला की एका कॉलचे पैसे पडायचे, मग एक मिनिट बोला नाहीतर तासभर. आणि उचललाच नाही, तर काहीच नाही! म्हणून रिंग मोजायची. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो. दोन म्हणजे शनिवारी येतो. तीन म्हणजे भाजी पाठवा. फोनशेजारी भिंतीवर त्यांनी तक्ताच लावला. यादी वाढत वाढत सतरा रिंगांपर्यंत गेली. सतरा रिंगा म्हणजे "घाईत आहे, नंतर सांगतो."

*

आता सुलोचनाचं.

तिला पंचविसावं लागलं होतं. रिव्हिएर दू रांपारच्या त्या हिरव्या हनुवटीची गोष्ट बेटभर झाली होती, त्यामुळे स्थळं यायची बंद झालेली. काकी आता ते वाक्य दिवसातून एकदाही म्हणत नव्हती. तेच जास्त वाईट होतं.

अशात क्युरपिपहून एक स्थळ आलं. मुलगा आनंद, सरकारी नोकर, बोलायला शांत. वडील विठोजी मास्तर. या खेपेला काकीने काकांना दम भरला होता. टीव्ही बंद, घरातले सगळे दिवे चालू, अंगणातला सुद्धा! आनंद निघताना दोनदा मागे वळला. ते मी पाहिलं. सुलोचना त्या दिवशी हसली नाही, तेही पाहिलं.

पण मास्तर आणि काका फाटकाशी बोलत उभे राहिले आणि दोघांचं एकदम जमलं. मास्तर काकांच्याही वरचढ निघाले. त्यांनी फोनशेजारचा तो तक्ता वहीत उतरवून घेतला होता!

"मग रविवारी चारला," मास्तर म्हणाले. "एक रिंग, पसंत. दोन रिंगा, नापसंत. उचलायचा नाही."

"छे छे! उचलायचा कशाला?" काका म्हणाले.

काकीने कपाळावर हात मारला. "अहो, मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे आणि तुम्ही रिंगा काय मोजताय!"

रविवारी साडेतीनपासून आम्ही सगळे फोनभोवती बसलो. काकीने देवापुढे साखर ठेवली होती. सुलोचना शिवणाच्या मशीनशी, सुईत दोरा ओवत. तो काही ओवला जाईना.

बरोबर चारला फोन वाजला.

एक. काकीने साखरेच्या वाटीकडे हात नेला.

दोन. काकीचा हात तिथेच थांबला. सुलोचनाने मान वर केली नाही.

तीन.

"तीन?" काका म्हणाले. "तीन म्हणजे भाजी पाठवा."

चार. पाच. सहा. काका तक्त्यावरून बोट फिरवायला लागले. मी उठलो तर ओरडले, "उचलू नको, रघू! त्यांचे पैसे पडतील!" अकरा. बारा. फोन वाजतोच आहे. सतराव्या रिंगेला तक्ता संपला. विसाव्या रिंगेला सुलोचना उठली. कोणाकडेही न बघता तिने रिसीव्हर उचलला.

ती ऐकत राहिली. मग तोंडावर हात ठेवून वडिलांकडे वळली. "बाबा, मास्तर नाहीत, ते स्वतःच आहेत. म्हणतायत, घरच्यांनी एक रिंग द्यायला सांगितली होती. पण मुलीचं मत कोणी विचारलंच नाही. ते कळल्याशिवाय फोन ठेवणार नाही म्हणतात."

काकांनी तक्त्यावरचं बोट काढलं. "मग तुझं मत काय?"

सुलोचनाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे रंग आले, ते कुठल्याही कागदाशिवाय आले.

काकांनी घसा साफ केला. "त्याला म्हणावं, ठेव. मत आपण इथून कळवू. पसंत असेल तर एक रिंग."

तिने फोन ठेवला. काकांनी जानव्याची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि बाजूला सरले. सुलोचनाने नंबर फिरवला. आम्ही सगळे वाकून ऐकतोय. एक रिंग वाजू द्यायची आणि ठेवायचा!

तिकडे अर्धीसुद्धा रिंग झाली नाही. त्याने फोन उचलला!

"हॅलो? हॅलो?" रिसीव्हरमधून आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. सुलोचनाने घाबरून वडिलांकडे बघितलं आणि फोन ठेवायला गेली. काकांनी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"ठेवतेस कुठे? उचलला त्याने, पैसे पडले! आता बोल. अगदी सावकाश बोल." आणि आमच्याकडे वळून ओरडले, "बघत काय बसलात? तिला खुर्ची द्या रे कोणीतरी!"