मोहितेकाकांचं फेटल

आमच्या मेंटेनन्समध्ये किस्से भंगारासारखे साठतात, फेकवतही नाहीत. आज ते उकरायला वेळच वेळ आहे. लोटे एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतले आम्ही चौघं सकाळपासून रत्नागिरीत, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी येरझारा घालतोय. आत आमचे हेड फिटर मोहितेकाका आहेत. हृदयाचा वॉल्व्ह बदलायचाय. मला तर एका जागी बसवत नाही.

*

फेटल हा काकांचा लाडका शब्द. पूर्वी रिॲक्टर बसवायला उत्तर इंग्लंडकडचा एक म्हातारा साहेब आला होता. पंप चांगला चालत असला तरी खोलायचा, साफ करायचा, पुन्हा नीट बसवायचा, याला तो फेटल म्हणायचा. साहेब गेला, शब्द राहिला.

*

एकदा काकांनी कंपनीची बस खेडच्या नाक्यावर थांबवून खडखडणारी खिडकी फेटल केली. अख्खी फर्स्ट शिफ्ट उशिरा पोचली. मॅनेजर तापले.

काका म्हणाले, “सायब, आता मानसं बसमधी झोपतील. कामावर नाय झोपायची.”

*

नवी इंजिनिअर ऋचा. तिने मोबाइलवर शोधून काढलं, “काका, जुन्या इंग्रजीत याचं मूळ कमरपट्टा. पट्टा आवळून कामाला लागणं.”

“म्हंजे कंबर कसनं. मग तो सायब दुभाष्या कशाला घेऊन आलेला?”

*

हीच ऋचा. शिफ्ट सुटायला थोडा वेळ असताना पंप खोलून बसली. म्हणाली, “उरलेलं सेकंड शिफ्ट करेल.”

“उगडलंस तू ना गो? मग बंद कोन करनार?”

बस निघून गेली. पंप सुरू होईपर्यंत काका तिच्याशेजारी उभे राहिले. दोघं एसटीने घरी गेले.

*

गेल्या महिन्यात डॉक्टर माझ्यादेखत काकांना म्हणाले, “वॉल्व्ह लीक आहे.”

“ग्लँड टाइट करून बगितलात?” कंपनीत गळक्या वॉल्व्हवर आमचा पहिला इलाज हाच.

हसून पोट दुखलं, आणि घरी आल्यावर मला रडू आलं.

*

आणि हा आज सकाळचा. काकांना स्ट्रेचरवरून नेत होते. दाराशी सर्जन भेटले. तरुणच आहेत.

“काय काका, तयार?”

“डॉक्टर, तुमची ड्युटी कदी सुटते?”

“दोनला. का?”

काका स्ट्रेचरवर उठून बसले. “मग मना उद्या सकाळी घ्या.”

वॉर्डबॉय हसला. सर्जन हसले नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, ऋचाच्या हातात दिलं आणि काकांच्या मागोमाग आत गेले.

आता तीन वाजून गेलेत. घड्याळ ऋचाच्याच मुठीत आहे.