चौथ्या वहीतलं माहेर

शिम सून होऊन हानयांगला, जुन्या कोरियाच्या राजधानीत, सासरी आली, त्याला सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात ती यॉजूला, माहेरी, एकदाही गेली नव्हती. पुढच्या महिन्यात आईची साठी होती. पण माहेरचा विषय सुनेनं काढायचा नाही, सासूनं काढला तर काढला, अशी रीत.

दिवसभरात तिला जरा बसायला मिळायचं ते दुपारीच. धुतलेले कपडे सुरकुत्या जाईपर्यंत दांडक्यांनी ठोकून घड्या घातल्या, की शेगडीपाशी बसून ती सासूबाईंना कादंबरी वाचून दाखवी. बारा वह्या. सासूबाईंनी लग्नाआधी स्वतःच्या हातानं उतरवून रुखवतात आणलेल्या. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता.

कादंबरीतली सासू भारी खाष्ट होती.

"हिच्या टाळक्यात कुणी मुसळ का घालत नाही?" मोजे शिवता शिवता म्हातारी मोलकरीण गान्नान म्हणाली.

"तू आपली सुई बघ," सासूबाई म्हणाल्या.

चौथी वही चालू होती. शिमनं पान उलटलं आणि त्याच आवाजात, न अडखळता वाचलं, "सासू म्हणाली, तुझ्या आईची साठी आली. दहा दिवस माहेरी जाऊन ये."

"अगंबाई! काल सुनेला उपाशी ठेवत होती. आज ताप चढला की काय बयेला?" गान्नाननं सुई खाली ठेवली.

सासूबाई शेगडीत भाजायला ठेवलेले चेस्टनट चिमट्यानं चाचपत होत्या.

"कितवं पान?"

"सतरावं, आई."

"सतराव्यावर ती सुनेला बर्फात विहिरीवर धाडते. ते उतरवताना माझी शाई गोठली होती. चाळीस वर्षं झाली, म्हणून विसरले वाटलं तुला?"

शिमचे कान तापले. "चुकलं माझं."

"ते असू दे. किती दिवस म्हणालीस?"

"दहा."

सासूबाईंनी एक चेस्टनट सोलला, निम्मा तिच्या हातावर ठेवला.

"शाई उगाळ. कडेला जागा सोडलीय मी, तिथं घाल ते. अक्षर माझ्यासारखं काढ, उद्या नातसून वाचेल."

"दहाच लिहू?"

"पुस्तकात दहा लिही. तू आठव्या दिवशी परत ये. ढीगभर कपडे कोण ठोकणार? ही?"

"माझे खांदे गेलेत हो," गान्नान लगेच म्हणाली.

जाण्यायेण्यातच चार दिवस जायचे. उरलेले चार आईजवळ. शिमनं चेस्टनट तोंडात टाकला आणि दगडावर शाई उगाळायला घेतली.